दिवसाचं पहिलं अवधान

१९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये रविवारी संध्याकाळी सव्वासहा ते सात पंचवीस ही सत्तर मिनिटं दूरचित्रवाणीला वर्ज्य होती. ती चर्चमधल्या सायंप्रार्थनेची वेळ. घरातल्या पडद्यानं माणसांना प्रार्थनेपासून ओढून आणू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे त्या वेळात कार्यक्रम सुरू झाले, पण तेही धार्मिकच. रोज संध्याकाळी सहा ते सात असा आणखी एक तास कोरा ठेवलेला असे, लहान मुलांना वेळेवर निजवता यावं म्हणून. तो १९५७च्या फेब्रुवारीत संपला आणि प्रक्षेपणाच्या एकूण तासांवरची सरकारी मर्यादा १९७२ साली उठली. आज हे सगळे नियम बाळबोध वाटतील. मला ते तसे वाटत नाहीत. दिवसाचे तास म्हणजे मोकळी जमीन नव्हे, प्रत्येक तासावर कुणाचा ना कुणाचा आधीपासूनचा हक्क असतो, ही जाणीव त्या नियमांमागे होती. हा तास देवाचा, हा मुलांचा, हा झोपेचा. नियम गेले, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर देऊ पाहत होते तो प्रश्न कुठे गेला? सकाळी उठल्यावर माणसाचं पहिलं लक्ष कुणाकडे जावं, हा त्या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग. ब्रिटनमध्ये न्याहारीच्या वेळेच्या दूरचित्रवाणी बातम्यांचा जो इतिहास १९८३ साली सुरू झाला, तो लोकप्रियतेच्या आकड्यांचा इतिहास म्हणून अनेकदा सांगितला गेला आहे. तो या प्रश्नाचा इतिहास म्हणून वाचावा, असं मला वाटतं.

दूरचित्रवाणी येण्याआधी ब्रिटिश सकाळ रेडिओची होती आणि रेडिओच्या सकाळीत प्रार्थना व बातमी अगदी शेजारी नांदत होत्या. बीबीसीनं रोजची प्रार्थनासभा प्रक्षेपित करायला २ जानेवारी १९२८ रोजी सुरुवात केली. महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, ‘लिफ्ट अप युअर हार्ट्स’ हा पाच मिनिटांचा धार्मिक चिंतनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची जागा सकाळी आठच्या बातम्यांच्या लगेच आधीची. युद्धाची बातमी कानावर पडण्यापूर्वी मन थोडं वर उचलून घ्यावं, असा तो क्रम. ‘टुडे’ हा रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम १९५७ मध्ये आला आणि १९७० पासून ‘थॉट फॉर द डे’ हे जेमतेम तीन मिनिटांचं चिंतन त्याच्या पोटातच जाऊन बसलं. ते आजही मंत्र्यांच्या मुलाखती आणि बाजारभाव यांच्यामध्ये ऐकू येतं. हेगेलनं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येना इथं असताना एक टिपण लिहून ठेवलं होतं. सकाळचं वर्तमानपत्र ही वास्तववादी माणसाची प्रातःप्रार्थना आहे, असा त्याचा आशय. माणूस देवाकडे तोंड करून उभा राहो की जगाकडे, आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळल्याचा दिलासा त्याला दोन्हींतून मिळतो, असं तो म्हणतो. हे निरीक्षण अनेकांनी चमकदार वाक्य म्हणून वापरलं. त्यातलं दायित्व मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. बातमी प्रार्थनेच्या जागेवर येऊन बसत असेल, तर त्या जागेची कर्तव्यंही तिच्याकडे येतात. माझा मुद्दा एवढाच आहे. सकाळची बातमी प्रार्थना होऊ शकत नाही, पण प्रार्थना ज्या अवधानाला वळण देत असे तेच अवधान ती मागत असल्यामुळे त्याच कसोटीवर तिला तपासलं पाहिजे.

अवधान हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. द्रव्य नाही, विद्वत्ता नाही, फक्त मन इथं असू द्या. पुष्कळ शतकांनंतर आणि अगदी वेगळ्या वाटेनं सिमोन वेल ही फ्रेंच विचारवंत जवळपास त्याच ठिकाणी पोचली. प्रार्थनेचं मूळ द्रव्य अवधान हेच आहे असं ती म्हणत असे, आणि दुःखी माणसाकडे पाहण्याची शक्तीही त्याच अवधानातून येते, असं तिनं लिहून ठेवलं. १९४३ मध्ये इंग्लंडमध्येच, केंट परगण्यातल्या ॲशफर्ड इथं तिचा अंत झाला. या दोघांचं ऐकायचं तर लक्ष ही आपल्याजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू ठरते, आणि जो ती मागतो त्याच्यावर मोठी जबाबदारी येते. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचं लक्ष तर आणखी वेगळं असतं. त्याची तर्कबुद्धी अजून अंथरुणातच असते, पण भीती आणि आशा मात्र जाग्या झालेल्या असतात. रात्रीत काय झालं? सगळं जागच्या जागी आहे ना? रोजच्या प्रार्थनेनं शतकानुशतकं याच क्षणाला हात घातला होता. इंग्लंडचा आर्चबिशप क्रॅन्मर यानं १५४९च्या प्रार्थनापुस्तकात मठांमधल्या अनेक प्रहरांच्या उपासना एकत्र करून सामान्य माणसासाठी सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोनच ठेवल्या. कामावर जाणाऱ्या माणसाला किती वेळ देता येईल, याचा विचार त्यात होता. पुढे जे सांगायचं आहे त्यात ही गोष्ट पुन्हा येईल.

१७ जानेवारी १९८३ रोजी सकाळी साडेसहाला लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ सुरू झाला. यॉर्कशर आणि ईशान्य इंग्लंडमध्ये १९७७ साली असे प्रादेशिक प्रयोग काही आठवडे होऊन गेले होते, पण राष्ट्रीय पातळीवर हा पहिलाच. तो पडदा थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. बातम्यांचं टेबल नाही, लाल सोफा आहे. त्यावर फ्रँक बॉफ बसले आहेत, कोट-टायमध्ये नव्हे तर स्वेटरमध्ये, आणि त्यांच्याबरोबर सेलिना स्कॉट. थोड्या वेळानं हिरवे कपडे घातलेल्या डायना मोरान व्यायाम करून दाखवतात, फ्रान्सिस विल्सन हवामान सांगतात, रसेल ग्रँट राशिभविष्य सांगतात. रेडिओनं जिथं धर्मचिंतनाची जागा राखली होती, तिथं दूरचित्रवाणीवर ज्योतिषी ठळकपणे दिसू लागला, हा बदल वरवरचा नाही. दिवसाच्या तोंडावर माणसाला काहीतरी आश्वासन हवंच असतं. जबाबदार धर्मविचारानं ती जागा सोडली तर ती मोकळी राहत नाही, स्वस्त आश्वासन तिथं येऊन बसतं. पण त्या पडद्यावरची सर्वांत बोलकी गोष्ट मला वेगळीच वाटते. पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसणारं घड्याळ. संपादक रॉन नील यांच्या मंडळींनी एक साधी गोष्ट ओळखली होती. सकाळी कुणीही पूर्ण कार्यक्रम पाहत नाही. माणूस वीस-पंचवीस मिनिटं पाहतो, तीही टोस्टला लोणी लावता लावता, आणि निघून जातो. म्हणून ठळक बातम्या ठरावीक वेळानं पुन्हा येत, हवामान पुन्हा येई, आणि घड्याळ सांगत राही की आता निघायला हवं. प्रेक्षक उठून जाणार हे गृहीत धरूनच रचलेला तो कार्यक्रम होता.

दोनच आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, टीव्ही-एएम ही व्यावसायिक वाहिनी सुरू झाली. कॅम्डन लॉकजवळ टेरी फॅरेल या वास्तुशिल्पकारानं जुन्या गॅरेजचं रूपांतर केलेली तिची इमारत, आणि छपरावर ओळीनं उभे केलेले उकडलेल्या अंड्यांचे मोठाले कप. वर हे लोभस खेळणं आणि आत अत्यंत गंभीर मनसुबा. पीटर जे हे अर्थतज्ज्ञ तिचे प्रमुख. वॉशिंग्टनमध्ये ते ब्रिटनचे राजदूत होते आणि त्याआधी १९७५ मध्ये जॉन बर्ट यांच्याबरोबर त्यांनी ‘द टाइम्स’मध्ये एक सिद्धांत मांडला होता. दूरचित्रवाणी घटना दाखवते पण त्यांचा अर्थ लागू देत नाही, म्हणजेच तिच्या रचनेतच समजुतीविरुद्धचा कल आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. समजावून सांगणं हेच आमचं व्रत, अशी टीव्ही-एएमची घोषणा होती. डेव्हिड फ्रॉस्ट, अॅना फोर्ड, मायकेल पार्किन्सन, अँजेला रिपन आणि रॉबर्ट की हे पाच नामवंत चेहरे तिच्याबरोबर होते. काही आठवड्यांतच सगळं कोसळलं. मार्चमध्ये पीटर जे गेले, एप्रिलमध्ये फोर्ड आणि रिपन यांना काढलं, आणि त्याच सुमारास रोलंड रॅट नावाच्या उंदराच्या बाहुलीनं मुलांच्या सुट्टीत वाहिनीला प्रेक्षक मिळवून दिले. संपादक म्हणून ग्रेग डाइक आले, अॅन डायमंड आणि निक ओवेन सोफ्यावर बसले आणि वाहिनी तगली. जाहिरातींत काम करणाऱ्या कलावंतांच्या संघटनेचा मानधनावरून वाद चालू असल्यानं सुरुवातीला जाहिरातीच फारशा नव्हत्या, हेही न्यायानं सांगायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की विद्वान हरले आणि उंदीर जिंकला. अमेरिकेत एनबीसीच्या ‘टुडे’ला १९५३ साली एका चिंपांझीनं असाच हात दिला होता, त्यामुळे हा जणू निसर्गनियमच आहे असं मानलं जातं.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. सकाळच्या माणसाला गांभीर्य नको असतं, हे त्या अपयशातून सिद्ध होत नाही. रेडिओवरचा ‘टुडे’ त्याच काळात, त्याच देशात, त्याच वेळी गांभीर्यानं चालू होता आणि लक्षावधी लोक तो ऐकत होते. प्रेक्षकांनी नाकारलं ते समजावून सांगणं नव्हे. विचारपूस न करता समजावून सांगणं त्यांनी नाकारलं. कुणाच्याही घरी भल्या सकाळी गेलं तर आधी ख्यालीखुशाली विचारतात, मग कामाचं बोलतात, आणि यात पोकळ शिष्टाचार काहीच नाही. उठलेल्या माणसाला प्रथम हे कळायला हवं असतं की जग अजून आहे आणि त्यात आपली जागा आहे. हेगेलच्या टिपणातला दिलासा तो हाच. प्रार्थनेच्या परंपरा हे जाणून होत्या. सकाळच्या उपासनेत सिद्धांताचं विवरण आधी येत नाही, आवाहन आणि स्तुती आधी येतात. पीटर जे यांचं निदान बरोबर होतं आणि आज तर ते अधिकच खरं वाटतं. पण समजूत ही नात्याच्या पोटी जन्मते, हे त्यांच्या सिद्धांतात कुठेच नव्हतं. लाल सोफ्यावर ते नातं होतं, आणि म्हणून त्याच सोफ्यावरून सांगितलेली अर्थसंकल्पाची बातमीही लोक ऐकून घेत होते.

मग सोबत हेच सर्वस्व आहे का, असं कुणी विचारेल. तसं असतं तर उंदीर, व्यायाम आणि राशिभविष्य यांवर आक्षेप घ्यायचं कारणच उरलं नसतं. याचं उत्तर एका तारखेत आहे. १२ ऑक्टोबर १९८४, पहाटेचे दोन वाजून चोपन्न मिनिटं. ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलमध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनासाठी पंतप्रधान थॅचर आणि त्यांचं मंत्रिमंडळ उतरलेलं असताना आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेनं ठेवलेला बॉम्ब फुटला. पाच माणसं मरण पावली. देश जागा झाला तेव्हा बीबीसीच्या पडद्यावर ढिगाऱ्यातून काढल्या जाणाऱ्या मंत्री नॉर्मन टेबिट यांची दृश्यं होती. टीव्ही-एएमकडे तिथं कॅमेराच नव्हता. काटकसरीत बातमीचा भाग इतका छाटला गेला होता, की देशातली त्या वर्षातली सर्वांत भयंकर पहाट त्या वाहिनीच्या प्रेक्षकांना बराच वेळ फोनवरच्या आवाजातून कळली. नियामक मंडळानं वाहिनीला कडक शब्दांत जाब विचारला आणि बातम्यांवर खर्च वाढवायला लावला. तांत्रिक चूक म्हणून हे सोडून देता येणार नाही. जी सोबत रोज सकाळी हसून बोलते आणि शेजारच्या घरात आकांत झाला त्या सकाळी जिच्याजवळ दाखवायला काही नसतं, ती सोबतच नव्हती, असं त्या दिवशी उघड झालं. प्रार्थनेत दिलासा आहे तसंच मागणंही आहे, आणि ते स्वतःपुरतं नसतं. आजाऱ्यांसाठी, कैद्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी मागितलं जातं. दुसऱ्याचं दुःख नावानं सकाळच्या दारात आणून उभं करणं हा तिचा गाभा आहे. हा गाभा काढून टाकला की उरतं ते गुंगीचं औषध.

सोफा हलका आणि टेबल गंभीर, ही वाटणीही पुढच्या काळात टिकली नाही. टीव्ही-एएम हलकेपणानं पुढे गेली तसा बीबीसीनं १९८६ मध्ये सोफा हटवून टेबल आणलं, १९८९ मध्ये तर नावच ‘ब्रेकफास्ट न्यूज’ केलं, आणि २००० साली ‘ब्रेकफास्ट’ या नावानं सोफा परत आला. चॅनेल फोरनं १९८९ मध्ये जगभरच्या बातम्यांचा भरगच्च कार्यक्रम काढला, तो साडेतीन वर्षांत बंद पडला आणि त्या जागी ‘द बिग ब्रेकफास्ट’ हा धमाल कार्यक्रम आला. आपण बातमीदार आहोत असा आव त्यानं कधी आणला नाही, म्हणून माझं त्याच्याशी भांडण नाही. इतकी वर्षं फर्निचर आत-बाहेर होत राहिलं, यातून कळतं एवढंच की प्रश्न फर्निचरचा नव्हता.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळा आहे. हे सगळे पैशाचे व्यवहार आहेत, जाहिरातदारांना जागे डोळे विकायचे आहेत, त्यात कर्तव्य आणि अवधान यांची भाषा भाबडी आहे, असं म्हणता येईल, आणि या म्हणण्यामागे पुरावाही भक्कम आहे. १९९०च्या प्रक्षेपण कायद्यानं वाहिन्यांचे परवाने लिलावात काढले. १९९१ मध्ये टीव्ही-एएमनं वर्षाला सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांची बोली लावली, प्रतिस्पर्ध्यानं तीन कोटी शेहेचाळीस लाखांची, आणि वाहिनी हरली. ज्या थॅचरबाईंच्या सरकारनं हा कायदा केला, त्यांनीच टीव्ही-एएमचे प्रमुख ब्रूस गिंजेल यांना पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. १ जानेवारी १९९३ पासून तिच्या जागी जीएमटीव्ही आली. ब्रिटिश सकाळीची किंमत किती हे त्या लिलावात अक्षरशः ठरलं. तेव्हा पैसा होता, हे उघड आहे. पण एखादी गोष्ट कशासाठी बनवली यावरून ती बनल्यावर तिचं काय ऋण लागतं हे ठरत नाही. डॉक्टर पैसे घेतो म्हणून त्याचं रुग्णाशी असलेलं दायित्व कमी होत नाही. लोकही हे दायित्व मानतात, याचा दाखला २००७ साली मिळाला. जीएमटीव्हीच्या महागड्या फोन-स्पर्धांमध्ये विजेते आधीच निवडले जात होते आणि त्यानंतरही हजारो लोक पैसे मोजून फोन करत राहिले होते, हे उघडकीला आलं. ऑफकॉम या नियामक संस्थेनं २० लाख पौंडांचा दंड केला. रक्कम प्रत्येकाची किरकोळ होती, तरी संताप मोठा होता, कारण रोज सकाळी घरात येणाऱ्या माणसानं खिसा कापला होता. ते केवळ दुकान असतं तर लोकांना फसवणूक वाटली असती. इथं त्यांना विश्वासघात वाटला. या दोन शब्दांतल्या अंतरातच माझं उत्तर आहे.

दुसरा आक्षेप शांत माणसांचा आहे, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. ज्याबाबत आपण काहीच करू शकत नाही ते दुःख भल्या सकाळी डोक्यात कशाला भरायचं? त्यापेक्षा मौन बरं. मार्कस ऑरेलियस आपल्या टिपणांच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी स्वतःला बजावतो की आज भेटणारी माणसं आगाऊ, कृतघ्न, मत्सरी असतील, आणि तरीही ती माझी आप्त आहेत. ही सकाळची साधना आहे आणि तिला वार्ताहर लागत नाही. हे खरं. पण तो सम्राट होता, देशाची वार्ता त्याच्या दारात येऊन उभी राहत असे. सामान्य नागरिकाला ती कुणीतरी आणून द्यावी लागते. आणि काही करता येत नाही, हे गृहीतकही तपासून पाहायला हवं. १९९१च्या जुलैमध्ये अॅन डायमंड यांचं सेबास्टियन हे चिमुकलं बाळ पाळण्यातल्या आकस्मिक मृत्यूनं गेलं. बाळांना पालथं निजवू नये, उताणं निजवावं, हे न्यूझीलंडमधल्या आणि ब्रिस्टलमधल्या डॉक्टर पीटर फ्लेमिंग यांच्या संशोधनातून दिसत होतं, पण घराघरात पोचलं नव्हतं. डायमंड न्यूझीलंडला जाऊन आल्या, सरकारच्या मागे लागल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे मृत्यू थोड्याच काळात निम्म्याहून खाली आले. संशोधन डॉक्टरांचं होतं, श्रेय त्यांचंच. पण आयांनी रुजलेली सवय झपाट्यानं बदलली, याचं एक कारण सांगणारा चेहरा ओळखीचा होता हेही आहे. अनेक वर्षं सकाळच्या सोफ्यावरून जी बाई त्यांच्याशी बोलत होती, तीच आता स्वतःच्या मोडलेल्या घरातून बोलत होती. समजावून सांगणं आणि सोबत यांचं पीटर जे यांना न साधलेलं लग्न इथं लागलं होतं.

राहिला धार्मिक माणसाचा आक्षेप, आणि तो पूर्णपणे परतवता येतो असं मी म्हणणार नाही. प्रार्थनेत माणूस बोलतो तसा त्याच्याशीही बोललं जातं. क्रॅन्मरच्या पुस्तकाच्या १५५२च्या आवृत्तीपासून तर सकाळच्या उपासनेत सुरुवातीलाच पापाची कबुली आहे. जगानं काय केलं याआधी मी काय केलं हा प्रश्न येतो. बातमी हा प्रश्न विचारत नाही. ती पाहणाऱ्याला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवते, आणि साक्षीदार फार लवकर न्यायाधीश होतो. ९ मार्च २०२१ रोजी ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ या सकाळच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक पिअर्स मॉर्गन हे, राजघराण्याच्या सून मेगन मार्कल यांनी स्वतःच्या मानसिक अवस्थेबद्दल सांगितलेल्या गोष्टींवरच्या आपल्या शेऱ्यांमुळे सहकाऱ्यानं प्रश्न करताच, चालू कार्यक्रमातून उठून गेले आणि त्याच दिवशी त्यांनी तो कार्यक्रम सोडला. तक्रारी पन्नास हजारांच्या वर गेल्या. ऑफकॉमनं पुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं निर्णय दिला, आणि कायद्यापुरता तो योग्यच असेल. पण दिवसाची पहिली पंधरा मिनिटं दुसऱ्याच्या वेदनेचा खरेखोटेपणा ठरवण्यात गेली, तर त्या मनाचं काय होतं, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. याच्या उलट टोकाला नागा मंचेट्टी यांचं प्रकरण. २०१९च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी चार महिला लोकप्रतिनिधींना आपापल्या देशात परत जा असं सुनावलं, तेव्हा असे शब्द मलाही ऐकावे लागले आहेत आणि त्यांच्या मुळाशी वंशद्वेष असतो, असं त्या ‘ब्रेकफास्ट’च्या सोफ्यावरून म्हणाल्या. बीबीसीच्या तक्रार विभागानं त्यांना दोषी धरलं, महासंचालकांनी सप्टेंबरअखेर तो निर्णय फिरवला. त्या क्षणी सोफ्यावर सूत्रसंचालक नव्हती, साक्ष देणारी व्यक्ती होती, आणि पाहणाऱ्यालाही स्वतःकडे वळून पाहावं लागलं. कबुलीच्या जितकं जवळ बातमी जाऊ शकते तितकं तेच. रोज ते घडणार नाही, रोज घडलं तर त्याचा बाजारही होईल. त्यामुळे प्रार्थनेची ही जागा बातमीनं भरून काढलेली नाही, आणि ती भरल्याचा दावा कुणी करू नये.

तरीही एक गोष्ट अशी आहे, जिच्यात सकाळचा तो जुना कार्यक्रम प्रार्थनेच्या अगदी जवळ जातो. दोन्हींना शेवट असतो. क्रॅन्मरनं सात-आठ प्रहरांच्या दोन उपासना केल्या त्या शेतावर आणि दुकानात जाणाऱ्यांसाठी. आशीर्वाद देऊन माणसाला बाहेर पाठवणं हा उपासनेचा भाग होता. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ हेच करत होतं. हातातल्या फोनवर बातमी येते तेव्हा वेळ त्यावरही दिसते, पण तिथली सगळी रचना माणसानं उठू नये यासाठी असते. एका बातमीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि संपण्याची जागाच नाही. अवधान मागणं आणि अवधान धरून ठेवणं यांतला फरक इथं दिसतो. मागणारा ते परत करायला बांधलेला असतो. बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट’ २०१२च्या एप्रिलपासून सॅलफर्डहून येतो, लंडन मागे राहिलं, सोफा अजून लाल आहे. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासानं देशाची बातमी थांबते आणि पडदा ज्याच्या-त्याच्या भागाकडे दिला जातो. लीड्समध्ये बसलेल्याला यॉर्कशरचं सांगतात, प्लिमथमधल्याला डेव्हनचं. कुठला रस्ता बंद आहे, कुठली शाळा आज उघडणार नाही, दुपारी पाऊस आहे की नाही. त्या मिनिटाला स्वयंपाकघरात कुणीतरी कप विसळून ठेवतं, कोट चढवतं, कोपऱ्यातल्या आकड्यांकडे एकदा बघतं आणि आवाज चालू ठेवूनच दार ओढून घेतं.